ताप, जखम आणि इतर

माझ्या आज्याला लिहिता येत नव्हतं, तरी आमच्या गावातल्या प्रत्येक मरणाची वही त्याच्या खांद्यावरच्या झोळीत असायची. सौसर तहसिलीत कन्हान नदीच्या अंगाला आमचं गाव, आणि आजा तिथला कोटवार. कोटवारी आम्हा महारांच्या घरी पिढीजात चालत आलेली. मुनादी द्यायची, पटवारी शेत मोजायला आला की साखळीचं टोक धरायचं, ठाण्याचा शिपाई आला की त्याला गावभर फिरवायचं. आणि कोण जन्मलं, कोण मेलं, हे बाजाराच्या दिवशी पायी सौसरला जाऊन ठाण्यात सांगायचं. इंग्रजांच्या मध्यप्रांतात खेड्यातल्या जन्ममृत्यूची सगळी इमारत या एका माणसावर उभी होती. त्यानं सांगितलं तर मेलेला माणूस मेला, नाही सांगितलं तर सरकारदरबारी तो जिवंतच.

वही छापील होती. नाव, बापाचं नाव, जात, वय, आणि मरणाचं कारण. आजा घरोघर विचारून यायचा आणि शाळेतले गुरुजी त्याच्या तोंडून ऐकून लिहून द्यायचे. कारणाला मोजकेच पर्याय: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, छातीचे रोग, जखमा आणि इतर. जखमांमध्ये साप चावून मेलेले वेगळे मोजायचे. एवढ्यात अख्खा मुलूख बसवायचा. मध्यप्रांताच्या जुन्या वार्षिक अहवालांत दरसाल सर्वांत मोठा आकडा तापाचा दिसतो, कारण मलेरिया, विषमज्वर, क्षय, बाळंतपणातला ज्वर हे सगळं त्या एका शब्दात जाऊन पडायचं.

मृताच्या घरी आजा ओट्याखाली उभा राहून विचारायचा. वर चढायची मुभा नव्हती. आतून कोणीतरी सांगायचं, "तापानं गेला." आजा लगेच हलायचा नाही. विचारायचा, "त्याच्या आंधी का झालतं?" मग कळायचं की आधी पाय सुजला होता, त्याच्या आधी काटा रुतला होता. किंवा आधी बाळंत झाली होती आणि आठव्या दिवसापासून अंग तापत होतं. हे सगळं तो ऐकून घ्यायचा, आणि वहीत पडायचं एकच, "ताप". रकाना तेवढाच होता.

तो शेवटपर्यंत सांगायचा की त्याला विचारायची सवय लागली ती त्याच्या बापामुळे. माझा पणजोबा १९१८ साली कोटवार होता. त्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला इन्फ्लुएंझा आला. देशातला सर्वांत जास्त होरपळलेला मुलूख म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडाचं नाव घेतात. पणजोबानं दोन महिन्यांत जेवढी नावं ठाण्यात सांगितली तेवढी त्याआधी कित्येक वर्षांत सांगितली नव्हती. काही घरांत सांगायलाच कोणी उरलं नाही. वहीत इन्फ्लुएंझाला रकाना नव्हता, म्हणून सगळे तापात गेले. भारतात त्या साथीनं कोटीच्या वर माणसं नेली, आणि तो आकडा पुढच्या अभ्यासकांना बऱ्याच अंशी अशाच वह्यांवरून, "नेहमीच्या तापापेक्षा हा ताप किती जास्त" अशी वजाबाकी करून काढावा लागला. माझ्या पणजोबानं सांगितलेली नावं त्या वजाबाकीत आहेत.

मी बी. फार्म. होऊन २००८ साली पुण्याला मेडिकल कोडर म्हणून लागले आणि २०१७ पासून नागपुरात कोडर्सची टीम सांभाळते. सध्या २२ जण आहेत. चार पांढुर्ण्याचे, तीन सौसरचे, बाकी काटोल, सावनेर, वरुड आणि खुद्द नागपूरचे. कोणी बी. एस्सी., कोणी नर्सिंग, कोणी बीएएमएस, दोघी फिजिओथेरपिस्ट. अमेरिकेतल्या दवाखान्यांतले डॉक्टरांचे लिखित कागद आमच्या पडद्यावर येतात. आजाराला एक कोड लावायचा, केलेल्या उपचाराला दुसरा, आणि त्यावर तिथल्या विम्याचं बिल ठरतं. कोड कमी लागला तर दवाखान्याचं नुकसान, जास्त लागला तर ती फसवणूक. शंभरात ९५ बरोबर ही आमच्या धंद्यातली नेहमीची अट. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, कारण १९९६ च्या अमेरिकन कायद्यानं रोग्याची माहिती बाहेर जाता कामा नये. नव्या मुलांना याचा जाच वाटतो. मी त्यांना आज्याचं सांगते. ठाण्यात सांगितलेलं चावडीवर सांगायचं नाही, असा त्याचा नेम होता. कोणाच्या घरी कोणतं मूल का गेलं हे त्यानं आजीलाही कधी सांगितलं नाही.

नवी तुकडी आली की मी शिकवायची सुरुवात पांढुर्ण्यापासून करते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दिवसभर झेंड्यासाठी दोन्हीकडून गोटे चालतात. गोटमार. प्रशासन दरवर्षी बंदोबस्त लावतं, आरोग्य खातं नदीकाठी तंबू टाकतं आणि शेकडो जखमी टाके घालून घेतात. माणसं मेलीही आहेत. मी फळ्यावर लिहिते: "पुरुष, वय १९, कपाळावर गोटा लागला, जखम साफ करून शिवली." आणि म्हणते, लावा कोड.

जखमेचा कोड पटकन सापडतो. आयसीडी-१० या आजारांच्या कोडांच्या अमेरिकन यादीत कपाळाची फाटलेली जखम, आत काही अडकलेलं नसेल तर एस ०१.८१. त्याच्या शेवटी एक अक्षर लागतं. उपचार चालू असेल तर ए, बरं होत असताना पुन्हा दाखवायला आला तर डी, आणि जखम भरून वर्षांनी तिच्यामुळे काही उद्भवलं तर एस. उपचाराच्या कोडला मुलं अडखळतात. ती विचारतात, "मॅडम, टाके किती?" टाक्यांशी आपला संबंध नाही. जखम किती सेंटीमीटर ते हवं. चेहऱ्यावरची साधी शिवण अडीच सेंटीमीटरपर्यंत असेल तर १२०११, त्याहून लांब आणि पाचपर्यंत असेल तर १२०१३. चेहऱ्यावर दोन जखमा तशाच साध्या शिवल्या तर दोन्हींच्या लांबीची बेरीज करून एकच कोड. आणि लांबी लिहिलेलीच नसेल? मग मनानं तीन सेंटीमीटर धरायचं नाही. डॉक्टरला विचारायचं. फळ्यावरच्या माझ्या वाक्यात लांबी नसते, ती मी मुद्दाम लिहीत नाही.

खरा वाद होतो तो कारणाच्या कोडवर. जखम कशानं झाली यासाठी वेगळा अध्याय आहे. कोणी फेकलेली किंवा पडलेली वस्तू लागली तर डब्ल्यू २०. कोणी मारायच्या हेतूनं बोथट वस्तूनं मारलं तर वाय ००. नागपूरची मुलं म्हणतात, गोटा मारला, म्हणजे हल्ला. पांढुर्ण्याची मुलं उसळतात. गेल्या साली एक पोरगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्या मामाचं डोकं माझ्याच काकानं फोडलं आहे. संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले. हा हल्ला कसा?" तिचं आजोळ सावरगावचं आणि घर पांढुर्ण्याचं. वर्ग गप्प झाला. मी तिला एवढंच विचारलं की फळ्यावर हेतू कुठे लिहिला आहे? नियम असा की हेतू लिहिलेला नसेल तर अपघात धरायचा. हेतू ठरवता येत नाही असं डॉक्टरनंच लिहिलं असेल तरच "अनिश्चित" लावायचं. म्हणून डब्ल्यू २०. ती बरोबर होती, पण तिच्या कारणानं नाही. मामा-काका तिच्या मनात होते, कागदावर नव्हते. कोडर आपल्या मनातलं लिहायला लागला की बिलही खोटं होतं आणि आजारही.

हे शिकवायला मला वर्ष लागतं. उलट बाजूचं शिकवायला त्याहून जास्त. कागदात नाही ते लिहायचं नाही हे मुलं लवकर शिकतात. कागदात जे हवं होतं आणि नाही, त्याबद्दल विचारायला ती घाबरतात. आमच्या भाषेत त्याला क्वेरी म्हणतात. डॉक्टरला दोन ओळींत विचारायचं, उत्तर त्याच्या तोंडी घालायचं नाही. पुण्याच्या माझ्या पहिल्या नोकरीत क्वेरी पाठवली की ती मिनिटं फुकट गेल्यात मोजत. दिवसाचा आकडा पुरा करायचा म्हणून आम्ही "अनिर्दिष्ट" नावाचे कोड लावून मोकळे व्हायचो. बहुधा शेवटी ९ असलेले ते कोड म्हणजे आज्याच्या वहीतलं "इतर". मी स्वतः शेकडो लावले आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. नागपुरात टीम हाती आली तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की क्वेरीचा वेळ कामाच्या वेळेत धरायचा. वरच्यांना पटवायला सहा महिने गेले. आता नव्या मुलाचा प्रत्येक कागद पहिले दोन महिने दुसराही कोडर स्वतंत्रपणे पाहतो. दोघांचं जुळलं नाही तर ज्येष्ठ ठरवतो, आणि का ठरवलं ते सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगतो. चुकलेल्याचं नाव घेत नाही.

ही दोन-आणि-तिसरा पद्धत मी शोधलेली नाही. भारताच्या महानिबंधकांनी टोरांटोच्या डॉ. प्रभात झा यांच्यासोबत केलेल्या 'मिलियन डेथ स्टडी'त हेच केलं. ज्या घरी मरण झालं तिथे माणसं पाठवली, घरच्यांच्याच शब्दांत हकिगत लिहून घेतली, मग दोन डॉक्टरांनी एकमेकांचं न पाहता कारण ठरवलं, आणि जुळलं नाही तर तिसऱ्या ज्येष्ठानं. त्यातूनच २०११ मध्ये छापून आलं की भारतात वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं साप चावून मरतात. सरकारी दवाखान्यांच्या आकड्यांच्या हे कितीतरी पट होतं, कारण चारांतले तीन दवाखान्याबाहेरच मेले होते. ते वाचलं तेव्हा मला ओट्याखाली उभा राहिलेला आजा दिसला. अगदी तेच काम, फक्त ऐकून घेतलेलं सगळं लिहायला त्या माणसांपाशी कागद होता.

तसं पाहिलं तर ही परंपरा सौसरच्याही पलीकडे जाते. सतराव्या शतकात लंडनमध्ये कोणी मेलं की परगण्यानं नेमलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत पाहायला जात, आणि त्या जे सांगत ते दर आठवड्याच्या मृत्युपत्रकात छापलं जाई. जॉन ग्रॉन्ट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं ती पत्रकं जमवून १६६२ मध्ये त्यांचा पहिला हिशेब मांडला. पुढे १८९३ मध्ये पॅरिसच्या झाक बर्तियोंनी शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची एक यादी ठेवली आणि देशोदेशींनी ती उचलली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती हातात घेऊन त्यात जिवंत माणसांचे आजारही घातले. आमची आयसीडी ती हीच. ज्यांच्या शब्दावर हे सगळं उभं राहिलं त्या लंडनच्या बायका गरीब होत्या, अडाणी होत्या, आणि शिकलेले लोक त्यांच्यावर हसायचे. माझ्या आज्यावरही ठाण्याचा मुन्शी हसायचा.

देश स्वतंत्र झाला, १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. त्याच वर्षी आजा छोट्या गाडीनं नागपूरला दीक्षेला जाऊन आला. परत येऊन त्यानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, वही सोडली नाही. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही कोटवार राहिला, आजही आहे. १९६९ मध्ये जन्ममृत्यू नोंदणीचा नवा कायदा झाला. आज्याच्या शेवटच्या वर्षांत वहीतला देवीचा रकाना कोराच जाऊ लागला. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी नाही. आयसीडीत तिचा कोड, बी ०३, अजून ठेवलेला आहे. मी इतक्या वर्षांत तो एकदाही लावलेला नाही.

आमच्याकडे आज्याच्या झोळीतली एकच वही उरली, बाकीच्या ठाण्यात जमा. तिच्यात एका ओळीवर मी नेहमी थांबते. बाईचं नाव, वय २२, कारण "ताप". आणि छापील चौकटीच्या बाहेर, समासात, गुरुजींच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं: "बाळंतपण, ९ वा दिवस". आज्यानं हट्ट धरल्याशिवाय गुरुजींनी ते लिहिलं नसतं. ठाण्यात तो समास कोणी उतरवून घेतला नसणार. आम्ही आज तिला ओ ८५ लावू, बाळंतपणातला जंतुसंसर्ग, आणि ती मातामृत्यूत मोजली जाईल.

एखादा शब्द "ताप" म्हणून लिहिला की मागचं सगळं झाकलं जातं. हे जुन्या काळाचं दुखणं नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याच्या परासिया भागात लहान मुलं सर्दी-तापानं आजारी पडली, लघवी बंद झाली, कित्येकांना नागपूरला आणलं आणि वीसहून जास्त गेली. मूत्रपिंड निकामी, एन १७, एवढंच लिहून थांबता आलं असतं. कोणीतरी त्याच्या आधीचं विचारलं, मूत्रपिंडाचा तुकडा तपासला, मग दिलेलं खोकल्याचं औषध तपासलं. त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, औषधात थेंबभरही असू नये असं विष. आमच्या टीममध्ये त्या आठवड्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एकीची भाची परासियाची, वाचलेली.

अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ सोडून आयसीडी-१० घेतली तेव्हा सुमारे १४ हजार कोडांचे एका रात्रीत जवळपास ७० हजार झाले. त्यावर मी पुष्कळ लिहू शकते, पण पाठ केलेलं पुन्हा पाठ करायचं, यापलीकडे त्यात काही नव्हतं. मला जास्त आठवतो तो मार्च २०२०. कंपनीनं संगणक घरोघर पाठवले आणि मुलं आपापल्या गावी गेली. कोणी पांढुर्ण्यात संत्र्याच्या बागेतल्या खोलीतून, कोणी सौसरमध्ये माळ्यावरून काम करायचं. १ एप्रिलपासून कोविडचा नवा कोड आला, यू ०७.१. अमेरिकेतल्या माणसांचे ते कोड आम्ही रोज शेकड्यांनी लावले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तोच आजार आमच्या गल्ल्यांत होता. २२ पैकी ९ जणांच्या घरी कोणी ना कोणी गेलं. मी रोज सकाळी फोन करायचे आणि कामाचं विचारायचे नाही.

माझे बाबा त्याच महिन्यात गेले. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. अकरा दिवस प्राणवायूवर होते, तपासणी पॉझिटिव्ह होती. हातात आलेल्या कागदावर कारण लिहिलं होतं: हृदयक्रिया आणि श्वासोच्छ्वास बंद पडल्यामुळे. प्रत्येक माणूस असाच मरतो. ते मरण्याचं वर्णन आहे, कारण नाही. नवीन डॉक्टरांना हे पहिल्या वर्गात शिकवतात. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, तीन ओळी याचसाठी असतात: (अ) शेवटी लगेच काय झालं, (ब) ते कशामुळे, (क) आणि त्याच्या मुळाशी काय. कोड (क) चा महत्त्वाचा. तिथे माझ्या बाबांच्या कागदावर रेघ मारलेली होती. मी दोनदा गेले, अर्ज दिला, आणि मग आईची अवस्था बघून थांबले. सगळा दिवस परक्यांच्या कागदांवर क्वेरी पाठवणाऱ्या मला घरच्या कागदावर उत्तर मिळवता आलं नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून बदललेला नोंदणी कायदा लागू झाला. आता दवाखान्यानं मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्याच आठवड्यात छिंदवाड्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्याच्यात आलं. गावात जिल्ह्याचे फटाके वाजले. कायद्याची बातमी कोणाला माहीत नव्हती. मी आमच्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितली, लोकांना ते विचित्र वाटलं असेल.

काका २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. काकूला प्रत मिळाली, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी तिनं ती माझ्यासमोर ठेवली. इंग्रजीत होती. मी तिला एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. शेवटी रक्तात विष पसरलं, दोन दिवस. ते पायाच्या गँग्रीनमुळे, तीन आठवडे. आणि तो मधुमेहामुळे, चौदा वर्षं. डॉक्टरनं तिन्ही ओळी सुवाच्य भरल्या होत्या, वर्षांसकट.

काकू बराच वेळ त्या कागदावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हंजे पायानं नाही गेले. शुगरनं गेले."

"हो काकू. शुगरनं."

तिनं आपल्या मोठ्या मुलाकडे पाहिलं. "उद्याचं आटपलं की तू दवाखान्यात जाऊन तुझी तपासून ये," ती म्हणाली, आणि कागद घडी करून डब्यात ठेवला.